मायच्या सहा केमो: औषधाचा आणि जागेचा अभिप्राय

अमळनेरला आमचं मेडिकल आहे. चौदा वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूने औषधं देते आहे, पण एखाद्या औषधाबद्दल आपण चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नव्हतं. लोक हॉटेलबद्दल लिहितात, मिक्सरबद्दल लिहितात. घरातलं माणूस ज्या बाटलीमुळे उठून बसलं तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून हा अभिप्राय दोन गोष्टींबद्दल आहे: जळगावच्या ज्या डे-केअरमध्ये माझ्या मायच्या सहापैकी पाच केमो झाल्या ती जागा, आणि त्या केमोतलं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध. औषधाला पाचपैकी पाच तारे, जागेला चार. एक का कापला ते शेवटी येईलच. नाव टाकत नाही. पहिली केमो दुसऱ्या ठिकाणी झाली, तिथे जे घडलं तेही लिहायचं आहे, आणि जळगावात एकाचं नाव घेतलं की दुसरं कोणतं हे लोक लगेच ओळखतात.

माय ६३ वर्षांची. धरणगावकडच्या आमच्या खेड्यात भावाजवळ राहते. फेब्रुवारीत तिच्या मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आल्या. दुखत नव्हत्या, म्हणून तिने बरेच दिवस पदराखाली झाकून ठेवल्या. मग घास उतरेना. जिने जन्मभर कळण्याची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, ती भाकरी दुधात कुस्करून प्यायला लागली, तेव्हा वहिनीने मला फोन केला. बायोप्सीत लिम्फोमा निघाला, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या, दर २१ दिवसांनी एक.

चिठ्ठी माझ्याच हातात आली. पाच औषधं होती. रिटुक्सिमॅब, सगळ्यात महाग. डॉक्सोरुबिसिन, ज्याला सगळे लाल औषध म्हणतात. व्हिन्क्रिस्टिन, जे सदाफुलीपासून काढतात. मायच्या अंगणात तुळशीशेजारी वर्षभर फुलते तीच सदाफुली. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, पाच दिवस. आणि सायक्लोफॉस्फामाइड. शिरपूरला बी. फार्म. करताना कॅन्सरच्या औषधांचा धडा याच्याच कुळापासून सुरू झाला होता, नायट्रोजन मस्टर्डपासून. परीक्षेत त्याची रचना काढली, मार्क घेतले आणि विसरले. आता ते मायच्या नावाखाली लिहिलेलं होतं.

पहिली केमो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. जागा चकचकीत, एसी, मागे कलणाऱ्या खुर्च्या. सकाळी ९ ला सलाईन लागलं, संध्याकाळी ६ ला मोकळं केलं. निघताना सिस्टर म्हणाल्या, “लघवी लाल झाली तर घाबरू नका, लाल औषधाचा रंग आहे तो.” बस, एवढंच. ते खरंही आहे, डॉक्सोरुबिसिनने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. पण पाणी किती प्यायचं, रात्री किती वेळा उठायचं, याबद्दल एक शब्द नाही. आमच्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण मध्ये जायचं कुठे? मायही पीत नाही. जळगाव ते धरणगाव गाडीत आणि पुढे रिक्षात तिने एक घोट घेतला नाही. घरीही मळमळत होतं म्हणून दोन दिवस तांब्या उशाशी तसाच भरलेला.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. “ताई, अजून लालच आहे. आता आग होते म्हणताहेत.” मी दुकानात एका गिऱ्हाइकाला गोळ्या कापून देत होते. हातातली कात्री खाली ठेवली. चौथ्या दिवशी तो रंग औषधाचा नसतो. ते रक्त होतं.

हे का होतं ते सांगते, कारण ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांना ते माहीत असायलाच पाहिजे. सायक्लोफॉस्फामाइड बाटलीत असतं तेव्हा निजलेलं असतं. शरीरात गेल्यावर यकृत ते जागं करतं, आणि मग पेशीत त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा कॅन्सरच्या पेशींवर काम करतो. दुसरा असतो अॅक्रोलिन, तो लघवीवाटे बाहेर पडतो. कढईत तेल जास्त तापून धूर निघाला की डोळ्याला आणि घशाला जे झोंबतं, त्यात हेच अॅक्रोलिन असतं. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी तेच वायू म्हणून वापरलं होतं. ते मूत्राशयात साचून राहिलं तर आतलं अस्तर जाळतं. भरपूर पाणी प्यायलं, दर दोन तासांनी लघवीला गेलं, तर साचत नाही. डोस मोठा असेल तर सोबत मेस्ना नावाचं औषध देतात, ते अॅक्रोलिनला बांधून टाकतं.

मला हे सगळं पाठ होतं. मी धरून चालले की तिथे सांगतील. त्यांनी कदाचित धरलं असेल की मुलगी मेडिकलवाली आहे, तिला ठाऊक असेल. माय मधल्या मध्ये तहानलेली राहिली.

दोन रात्री ॲडमिट केलं, सलाईन चढवलं, रक्त थांबलं. घरी आल्यावर माय म्हणाली, “माले ते इख नको.”

इख म्हणजे विष, आणि आमच्या घरात विष म्हणजे कपाशीवरच्या फवारणीचा डबा. दादा होते तेव्हा तो कडी लावलेल्या फडताळात असायचा, आम्हा पोरांना त्या कोपऱ्यात जायची बंदी. त्यातल्या कितीतरी औषधांचं कूळ एकच आहे, आणि त्याच कुळातून टॅबून निघाला: १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर किडे मारायचं औषध शोधत होता, तेव्हा माणसांना मारणारा हा विषारी पदार्थ त्याच्या हाती लागला आणि लष्कराने उचलला. शेतातून निघून ते युद्धाकडे गेलं. मायच्या सलाईनमधलं उलट्या वाटेने आलं आहे.

“नाही माय, इख कसलं,” असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. कारण इखच आहे ते. चौदा वर्षं मी गिऱ्हाइकांना औषधाचं नाव, वेळ आणि ‘जेवणानंतर’ एवढंच सांगत आले. त्या रात्री ओट्यावर बसून मायला पहिल्यापासून सांगितलं.

जुलै १९१७. बेल्जियममधलं ईप्र गाव. जर्मनांनी पिवळ्या फुलीच्या खुणेचे तोफगोळे टाकले. त्यात तेलकट द्रव होता, वास मोहरीसारखा, लसणासारखा, म्हणून नाव मस्टर्ड गॅस. लागताना काही कळत नाही. काही तासांनी डोळे सुजून मिटतात, अंगावर फोड येतात, श्वासनळी आतून सोलते. नंतर त्या सैनिकांच्या रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. एडवर्ड आणि हेलन क्रुम्बार या दांपत्याने १९१९ मध्ये ती लिहून ठेवली: पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, हाडातला मगज रिकामा. लिहिलं गेलं आणि तसंच पडून राहिलं.

मग आपल्याकडचं. १९३० च्या दशकापासून दहा वर्षांहून जास्त काळ, रावळपिंडीला इंग्रज शास्त्रज्ञ मस्टर्डच्या चाचण्या करत होते, आणि ज्यांच्यावर केल्या ते हिंदी सैनिक होते. हाफ पँट आणि सुती शर्ट घालून काहींना गॅसच्या खोलीत उभं केलं. हिंदी कातडीला गोऱ्यांच्या कातडीपेक्षा जास्त भाजतं का हे त्यांना पाहायचं होतं. हे कागद २००७ मध्ये बातम्यांतून बाहेर आले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकानात बसवेना, शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

१९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन हे दोघे लष्करासाठी या विषाचा अभ्यास करत होते. फार्मसीच्या प्रत्येक ग्रंथालयात ज्यांच्या नावाचं जाडजूड पुस्तक असतं तेच हे दोघे. गंधकाच्या जागी नायट्रोजन घातलेलं मस्टर्ड त्यांच्याकडे होतं. लसीका ग्रंथी आणि मगज यांवर ते तुटून पडतं, तर मग लसीका ग्रंथींच्या कॅन्सरवर का नाही, असा त्यांनी विचार केला. आधी उंदरांवर पाहिलं, मग एका माणसावर. त्याचं पूर्ण नाव बाहेर आलं नाही, फक्त जे. डी. ही अक्षरं. लिम्फोमाच, मायसारखाच. घास गिळता येत नव्हता. २७ ऑगस्ट १९४२ ला पहिला डोस दिला, थोड्याच दिवसांत गाठी विरघळल्या, त्याला गिळता यायला लागलं. पुढे गाठी परत आल्या आणि डिसेंबरात तो गेला. पण रसायन देऊन गाठ विरघळते हे दिसलं होतं. युद्धातलं गुपित म्हणून कागदावर औषधाचं नावही लिहिलं नाही, ‘पदार्थ एक्स’ असं लिहिलं. सगळ्यांना कळलं ते १९४६ मध्ये.

आणि मधे बारी. इटलीचं बंदर, २ डिसेंबर १९४३ ची संध्याकाळ. जर्मन विमानांनी बाँब टाकले. धक्क्याला ‘जॉन हार्वे’ नावाचं अमेरिकन जहाज होतं, त्यात मस्टर्डचे २००० बाँब लपवून आणलेले. जहाज उडालं. आत काय आहे हे ज्यांना माहीत होतं ते जहाजावरच मेले. पाण्यावर तेल पसरलं, त्यात मस्टर्ड मिसळलं, खलाशी त्यातूनच पोहत आले. दवाखान्यात डॉक्टरांना वाटलं, थंडीने गारठलेत. ओल्या कपड्यांवरच कांबळी गुंडाळून निजवलं. कुणी कपडे काढले नाहीत, कुणी अंग धुतलं नाही. सकाळी डोळे उघडेनात. ६०० हून जास्त लोक मस्टर्डने भाजले होते, त्यातले ८३ दवाखान्यात मेले. बारी गावातले किती गेले त्याची मोजदादच नाही. स्टुअर्ट अलेक्झांडर नावाच्या लष्करी डॉक्टरला पाठवलं. त्याने कोण कुठल्या जहाजावर होता याचा नकाशा काढला आणि विष कुठून आलं ते शोधून काढलं. चर्चिल मस्टर्डचं नाव कागदावर येऊ द्यायला तयार नव्हते. तरी अलेक्झांडरने पेशींचे आकडे लिहून ठेवले, आणि कॅन्सरवर हे चालेल असं मानणाऱ्यांना त्या आकड्यांनी बळ मिळालं.

(बारी ज्या आपुलिया प्रांतात आहे, तिथल्याच कास्तेल देल मोंते किल्ल्याजवळच्या मातीतल्या एका जंतूपासून पुढे मायच्या लाल औषधाचं कूळ निघालं. एका प्रांतातून दोन बाटल्या. याचा अर्थ काही लावत नाही, पण डोक्यातून जात नाही.)

माय इतका वेळ गप्प ऐकत होती. बारीचं ऐकून तिने एकच विचारलं, “मंग त्या मानसेसले कोनी सांगं नही?”

नाही सांगितलं, म्हटलं. गुपित होतं ना.

ती थोडा वेळ अंगणाकडे बघत बसली. मग म्हणाली, “माले सगळं सांग, मंग मी येसू.”

त्या आठवड्यात मी जळगावात चार ठिकाणी फिरले आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: सायक्लोफॉस्फामाइड देताना पेशंटला काय सांगता? तीन ठिकाणी ‘डॉक्टर सांगतील’ असं उत्तर मिळालं. चौथ्या ठिकाणच्या सिस्टरनी काही न बोलता टेबलाखालून झाकणाचा प्लास्टिकचा जग काढून समोर ठेवला. त्यावर मार्करने रेघा मारलेल्या, एकेका रेघेसमोर वेळ. तीच ही जागा.

ही जागा चकचकीत नाही. खुर्च्या जुन्या, त्यातल्या दोन खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना कूलर दमट हवा फेकतो. पण औषध मिसळायची खोली वेगळी आहे, आत काचेचं कपाट, मिसळणारी सिस्टर गाऊन, मास्क आणि दुहेरी हातमोजे घालते. मी मेडिकलवाली आहे म्हटल्यावर त्यांनी काचेतून पाहू दिलं. वस्तू म्हणून पाहाल तर सायक्लोफॉस्फामाइड अगदी साधं: छोटी काचेची बाटली, रबरी बूच, तळाशी पांढरी पूड. सलाईनमध्ये टाकून हलवली की विरघळते, रंग पाण्याचा. जर्मनीत बिलेफेल्डच्या आस्टा कारखान्यात नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधलं, अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळाली. मेस्नाही पुढे ब्रॉक यांनीच आणलं, स्वतःच्या औषधाने होणारी इजा थांबवायला. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे आहे. ल्युपसला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराला, आणि किडनीच्या काही आजारांतही देतात. आणि मायच्या पिशवीतली ही सगळ्यात स्वस्त बाटली होती. दरवेळी बिल करताना मला ते पुन्हा नवल वाटायचं.

साक्रीकडच्या एक सिस्टर आहेत, त्या अहिराणीत बोलतात. पहिल्याच दिवशी मायच्या हातात जग देऊन म्हणाल्या, “माय, पानी पी अन् मुतीले जाय. लाजू नको.” माय हसली. मार्चनंतर पहिल्यांदा हसली असेल. घरी न्यायला एक कार्ड देतात: तीन लिटर पाणी, रात्री दोनदा उठायचं, दोन दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं कारण लघवीत औषध असतं, मायचे कपडे धुताना हातमोजे घालायचे, ताप १०० च्या वर गेला तर अर्ध्या रात्री या नंबरवर फोन. मी एकदा रात्री पावणेदोनला केला, दुसऱ्या रिंगला उचलला. कार्ड मात्र इंग्रजी-हिंदीत होतं. मी मराठीत करून दिलं, खाली चार ओळी अहिराणीत. पुढच्या खेपेला त्याच्या झेरॉक्स काउंटरवर ठेवलेल्या दिसल्या.

दहाव्या दिवशी रक्त तपासायचं असतं. चौथ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी ११०० वर आल्या. क्रुम्बार दांपत्याने मेलेल्या सैनिकांत जे पाहिलं होतं ते माझ्या हातातल्या रिपोर्टवर होतं, फरक एवढाच की इथे ते मोजून केलेलं होतं आणि वर आणायचं इंजेक्शन माझ्याकडे होतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मी ते अमळनेरहून घेऊन गेले. त्या दिवसांत कच्चं काही नाही, कोशिंबीर नाही, भरीतावर कच्चा कांदा नाही, घरात पाहुणा नाही. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, नेमकी दुसऱ्या केमोनंतरच्या कमी पेशींच्या दिवसांत आली. कडूलिंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, माय दाराच्या आत खुर्ची टाकून, मास्क लावून ऐकत बसली होती. मी तिच्याजवळ बसले, झोक्यावर गेले नाही.

तिसऱ्या केमोनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी जवळजवळ गेलेल्या होत्या. मायने मानेवरून हात फिरवून पाहिला. मस्टर्ड म्हणजे मोहरी एवढं तिच्या लक्षात राहिलं होतं. नातवांची दृष्ट ती मीठ-मोहऱ्यांनीच काढते. म्हणाली, “माले नजर लागेल व्हती. मोहरीनी ती काढी टाकी.” माय, त्यात मोहरी नसते गं, नुसतं नाव आहे, असं मी दोनदा समजावलं. ती मान हलवते आणि पुन्हा तेच सांगते, आता गल्लीत सगळ्यांना.

सहावी केमो जुलैत झाली. नंतरच्या स्कॅनमध्ये काही उरलेलं नाही. डोक्यावर बोटभर केस आले आहेत, पूर्वीपेक्षा मऊ. भाकरी ठेच्याबरोबर खाते.

आता कापलेला तारा. या डे-केअरला १२ खुर्च्या आहेत आणि संडास एक. तोही जिन्याच्या पलीकडे, भारतीय पद्धतीचा, आत धरायला दांडी नाही. ज्या जागी प्रत्येकाच्या हातात जग देऊन ‘पाणी पी आणि जाय’ सांगतात, तिथे बायका सलाईनचा स्टँड धरून रांगेत उभ्या असतात, आणि पाचव्या केमोला तर मी एका आजींना रांगेला कंटाळून जग परत खाली ठेवताना पाहिलं. बाकी सगळं इतकं जपून करणाऱ्यांनी हे असं कसं राहू दिलं ते मला कळत नाही. मी व्यवस्थापकांना दोनदा बोलले, एकदा लेखी दिलं. मागच्या महिन्यात मायच्या तपासणीला गेलो तेव्हा जिन्याच्या अलीकडे विटा आणि सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या, कशासाठी म्हणून विचारलं तर वॉचमन म्हणाला, “ताई, बाथरूमचं काम आहे.” दुसरा संडास सुरू झाला, कमोड आणि दांडी बसली की मी इथे येऊन चारचे पाच करीन.